विठाबाईचे एकुलते एक चित्र

मित्रांनो, एका राजघराण्याच्या संग्रहातले मी जुने तैलचित्र आहे. पण माझ्यात राजा नाही आणि राणीही नाही. माझ्यात एक दाई होती, विठाबाई, आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांचा एक मुलगा.

मांडवसर नावाच्या लहानशा संस्थानात नरसिंह चितारी यांनी मला रंगवले. खरे तर त्यांना बोलावले होते धाकट्या राजपुत्राचे चित्र काढायला. पण त्याची आई बाळंतपणातच गेली होती आणि ते मूल विठाबाईशिवाय कोणाकडे टिकत नसे. तिला बाजूला केले की रडून लाल होई. शेवटी नरसिंह म्हणाले, बाई बसू दे, दोघांनाही काढतो. विठाबाई लाजून खाली बघत बसली. तिच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू, ओठांच्या कोपऱ्यात अडलेले हसू आणि मुलाच्या कुंचीवर टेकलेला तिचा रुंद हात त्यांनी महिनाभर खपून उतरवला. चार वर्षांनी ती तापाने गेली. तिचे दुसरे चित्र नव्हते, फोटो तर नव्हताच.

तो मुलगा म्हणजे अण्णासाहेब. संस्थाने गेली, पुढे तनखेही बंद झाले. तोवर अण्णासाहेब दिल्लीत करोल बागेजवळच्या एका कोठीत, म्हणजे जुन्या बंगल्यात, राहायला आले होते. भाऊबंदकीत चित्रांची वाटणी होऊ नये म्हणून त्यांनी एक न्यास स्थापन केला आणि सगळा संग्रह त्याच्या हवाली केला. न्यासाच्या ठरावाशिवाय एकही वस्तू बाहेर जाणार नाही, हा नियम त्यांनीच घातला. अकरा राजांची भव्य चित्रे दिवाणखान्यात लागली. मला मात्र त्यांनी आपल्या बसण्याच्या खोलीत लावले.

ती माझी चांगली वर्षे. माझी देखभाल हेमलताबाई करत. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या राहत, त्यांचे यजमान मंत्रालयात होते. जुन्या चित्रांची निगा राखण्याचे शिक्षण त्यांनी रीतसर घेतले होते. मऊ कुंचल्याने माझ्यावरची धूळ झटकताना त्या विठाबाईशी बोलत, जणू शेजारीण भेटली आहे. पहाडगंजच्या मराठी शाळेतली मुले संग्रह पाहायला येत, तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ ती माझ्यापुढे थांबत. एकदा सृष्टी नावाच्या मुलीने मुलाच्या डोक्यावरच्या टोपीला काय म्हणतात ते विचारले. कुंची हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. हेमलताबाईंनी तो तिच्याकडून तीनदा म्हणून घेतला. अण्णासाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे ऐकत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच माझ्याकडे बघत.

मग दिल्ली बदलू लागली. शेजारच्या कोठ्या पडल्या आणि त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. त्याच सुमारास अण्णासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. न्यासाचे काम त्यांचा पुतण्या जयदीप पाहू लागला. जयदीप वाईट नव्हता. त्याला गुडगावात काचेचे मोठे म्युझियम उभारायचे होते, त्याचा कागदी नमुनाही त्याने आणून दाखवला होता. कोठी बिल्डरकडे गेली, अण्णासाहेब एका फ्लॅटवर राहायला गेले आणि आम्हाला गुडगावच्या एका नव्या इमारतीच्या तळघरात हलवले. थोड्याच दिवसांसाठी, असे त्याने सांगितले.

वरच्या मजल्यांवर कंपन्या आल्या. म्युझियमची जागा आधी कमी झाली, मग तिचे नावच निघेनासे झाले. तळघरात जमिनीखालचे पाणी पाझरत होते. ते उपसायला पंप होता, पण वीज गेली की तो बंद पडे, आणि त्या नव्या गावात वीज रोज जाई. वरच्या मजल्यांना जनरेटर होता. तळघर त्याला जोडलेले नव्हते. हेमलताबाईंनी आम्हाला एकेक करून विटांवर उभे केले. पत्रे लिहिली. आमचे फोटो तरी काढून ठेवा म्हणाल्या, तेव्हा फोटोग्राफर आला आणि अकरा राजांचे फोटो काढून गेला.

एके दिवशी जयदीप खाली आला होता. हेमलताबाईंनी त्याला माझ्यापुढे उभे केले. विठाबाईच्या पदरावर बुरशीचा पहिला ठिपका दिसत होता.

"हे एवढं एक मला घरी नेऊ द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर अण्णासाहेबांच्या फ्लॅटवर पोचवते."

"ताई, तुमचं म्हणणं बिल्कुल बरोबर आहे. पण रूल काकांनीच केलाय ना? ठराव लागेल."

"मग ठराव करा."

"अच्छा, दिवाळीनंतर मीटिंग लावतो."

दिवाळी झाली, मीटिंग झाली नाही. एका मोठ्या हॉटेलात राजांच्या चित्रांचे प्रदर्शन ठरले, तेव्हा मात्र ठरावाशिवायच ती अकरा चित्रे नेली. जागा करताना कोणीतरी मला विटांवरून उचलले आणि भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवले. संग्रहातले महत्त्वाचे ते बाहेर गेले, असे ठरले, तेव्हा देखभालीसाठी माणूस कशाला? हेमलताबाईंची नोकरी संपली. किल्ली दारातच काढून घेतली, तेव्हा त्यांनी रखवालदाराला, ते चित्र तेवढे भिंतीपासून सरकवा, असे सांगितल्याचे मी ऐकले. तो हो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याची बदली झाली.

सोळा महिने मी ओल्या भिंतीकडे पाहत होते. कॅनव्हास फुगला आणि सैल पडला. रंगाचे पोपडे सुटू लागले. प्रत्येक पोपडा पडताना अगदी बारीक आवाज होई, वाळले पान तुटावे तसा. ऐकायला कोणी नव्हते.

मग अण्णासाहेबांनीच हट्ट धरला. त्यांना बोलायला कष्ट पडत, पण "विठा" हा शब्द ते दिवसभर म्हणत, असे जयदीप नंतर हेमलताबाईंना सांगत होता. त्यानेच हेमलताबाईंना फोन करून बोलावून घेतले होते. चाकांची खुर्ची मोटारींच्या उतारावरून खाली आणली. हेमलताबाईंनी मला दोन्ही हातांनी धरले आणि उजेडाकडे वळवले.

कुंची होती. मुलाचे डोळे होते. मुलावर टेकलेला रुंद हातही होता. त्याच्या वर, कुंकू आणि हसू होते तिथे, उघडा पांढरट कॅनव्हास होता.

जयदीप हलक्या आवाजात म्हणाला की एखाद्या चांगल्या कलाकाराकडून चेहरा पुन्हा रंगवून घेऊ. हेमलताबाई खाली बसून भिंतीच्या कडेला पडलेले पोपडे रुमालात गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशावरून रंगवणार?" त्या म्हणाल्या. "मी तिला वीस वर्षं पुसलं, तरी मला नाही काढता येणार ती. त्या दिवशी मी चोरी करायला हवी होती, जयदीपराव."

अण्णासाहेबांनी चांगला हात पुढे केला आणि त्या पांढऱ्या जागेवर ठेवला. मग ते हेमलताबाईंकडे वळले. एकेक शब्द जोडत त्यांनी विचारले, "कशी... होती... दिसायला?"

हेमलताबाईंनी सांगायला सुरुवात केली. कुंकू मोठे होते, म्हणाल्या. नाक जरा बसके. आणि त्या थांबल्या. रुमालातले पोपडे बोटाने उलटेपालटे करू लागल्या, पण पुढचे त्यांना सांगता येईना. अण्णासाहेब वाट पाहत राहिले. शेवटी जयदीपने खुर्ची वळवली.

मी अजून त्याच तळघरात आहे. आता मला विटांवर उभे केले आहे आणि पंप जनरेटरला जोडला आहे. अण्णासाहेब गेल्याचे मला नव्या रखवालदाराकडून कळले.

मित्रांनो, मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला वाचवावे असे आता माझ्यात काही राहिलेले नाही. पण तुमच्या घरी ज्या कोणाचा एकच फोटो असेल, तो आज भिंतीवरून खाली काढा. त्याच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहा. ती ओली असेल, तर कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका.