कागद तुटला का?

झाकण धाकटीच्या हातून सटकलं, फरशीवर आदळलं आणि स्वतःभोवती गरागरा फिरत, भांडत भांडत, एकदाचं आडवं झालं. स्वयंपाकघरातल्या तिघीजणी जागच्या जागी थिजल्या. बायकोच्या हातातला चमचा अधांतरी राहिला, थोरलीनं डोळे मिटून घेतले आणि धाकटीनं स्वतःचंच तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग तिघींनी एकदम आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

दारात तो उभाच होता. केस विस्कटलेले, पण चेहरा सहलीला निघालेल्या पोरासारखा.

"अगं, मी जागा आहे! रात्रभर लोळलो ना पोटभर. आता रात्रपाळीच नाही तर दिवसाढवळ्या झोपू कशाला?"

"हळू बोला," बायको सवयीनं म्हणाली.

"का? झोपलंय कोण?"

बायकोनं विचार केला. खरंच, कोणीच झोपलेलं नव्हतं.

तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनमन होता. जग झोपायला निघालं की हा डबा घेऊन कामाला निघायचा आणि जग चहा पीत पेपर उघडायचं तेव्हा बोटांची शाई घासत घरी यायचा. लग्न झालं तेव्हापासून हेच. आता साथीनं रस्त्यांना कुलूप लावलं होतं, पेपर छापणं थांबलं होतं आणि कळवू तेव्हा या, असा निरोप आला होता. बाहेरच्या बातम्या ऐकून भीती वाटायची हे खरं. पण ऐन दुपारी बायको आणि दोन्ही पोरी आपल्यासमोर जाग्या, आणि आपणही जागे, या कल्पनेनंच त्याला गुदगुल्या होत होत्या. त्याला काय करू नि काय नको असं झालं होतं.

मात्र घराला अजून हा निरोप पोचला नव्हता. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे होते. दारावरच्या घंटेत कापूस कोंबलेला होता. कुकर शिटी मारायला तोंड उघडणार तोच बायको कालथ्यानं त्याची शिटी अलगद उचलून वाफ सोडून द्यायची. घरातली माणसं मांजराच्या पावलांनी फिरायची. बाबांची झोप म्हणजे घरातली सगळ्यात नाजूक वस्तू, काचेच्या भांड्यापेक्षाही, हे धाकटी चालायच्या आधी शिकली होती.

आणि खरं सांगायचं तर त्याची नि दिवसाच्या झोपेची कधी फारशी गट्टी जमलीच नव्हती. डोळा लागायचा, उघडायचा, पुन्हा लागायचा. उजेडामुळे असेल, असं तो समजायचा. पण बाहेर तिघी एवढ्या जपतायत म्हटल्यावर झोप येत नाही असं सांगणार कोणत्या तोंडानं? तो आपला डोळे मिटून गुमान पडून राहायचा.

झाकण पडलं त्याच दुपारी त्याला घरातलं एक गुपित सापडलं. पोरी समोरासमोर बसून हातांनी बोलत होत्या. एकीनं दोन बोटं उडवली, दुसरीनं नाक चिमटीत धरलं, आणि दोघी खांदे हलवून बिनआवाजाच्या हसल्या.

"हे काय चाललंय?"

पोरी चपापल्या. मग थोरली म्हणाली, "काही नाही बाबा. तुम्ही झोपलेले असता ना, तेव्हाचं बोलणं."

"आणि मी? मला काय म्हणता?"

धाकटीनं लाजत दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासले. हात पुसणारा माणूस. शाई काढणारा माणूस. तो बघतच राहिला. आपल्याच घरात एक आख्खी भाषा जन्मली, मोठी झाली, आणि तिच्यातला एकही शब्द आपल्याला येत नाही! त्याला वाईट वाटलं, आणि लगेच उत्साहाचं भरतंही आलं.

"मला शिकवा. आत्ताच्या आत्ता."

त्याची शाळा सुरू झाली. मास्तरीणबाई धाकटी. तो इतका मठ्ठ विद्यार्थी निघाला की पोरी हैराण. चहा हवाय म्हणायला गेला आणि 'शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली' असं म्हणून बसला. बायकोनं खरंच खिडकीतून डोकावून पाहिलं.

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसली. आवाज नाही. फक्त डोळे बारीक झाले आणि खांदे हलले.

तेवढ्यानं त्याच्या काळजात काहीतरी रुतलं. कारण ही बाई अशी हसायची नाही. पूर्वी तो एका छोट्या छापखान्यात उमेदवारी करत होता आणि ती तिथेच बांधणी खात्यात फर्म्यांच्या, छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायची. मशीन धडधडत असायचं, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वरून तिचं हसू यायचं. तो त्या हसण्याच्याच प्रेमात पडला होता, चेहरा नंतर पाहिला. मग लग्न झालं, रात्रपाळी आली, आणि ते हसू कधी गेलं ते कळलंच नाही. आपल्यासारख्या घुबडाशी संसार करून बाई कोमेजली, असं त्यानं मनाशी धरलं होतं. छापखान्याचा फोन यायच्या आत एकदा तरी ते हसू ऐकायचंच, असं त्यानं आता ठरवून टाकलं.

त्यासाठी त्यानं काही म्हणून बाकी ठेवलं नाही. जुने विनोद सांगितले. बायकोचा झगा घालून फरशी पुसली. बटाटे सोलायला बसला आणि बटाट्यांच्या गोट्या करून ठेवल्या. पोरी लोटपोट झाल्या. धाकटी तर 'तुम्ही'वरून कधी 'तू'वर आली ते तिलाही समजलं नाही. बायको मात्र दर वेळी हात तोंडाशी नेऊन तेच मुकं हसायची.

एका दुपारी त्यानं थोरलीला उशीवर दोन लाकडी चमचे आपटताना पाहिलं. फट्, फट्, फटाफट्.

"उशीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"ड्रमचा सराव करते, बाबा. शाळेच्या बँडमध्ये आहे मी."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

दोन वर्षं! आणि ती उशीवर वाजवतेय. तो ताडकन उठला. छापखान्यातून आणलेले शाईचे रिकामे डबे घरभर होते. एकात कांदे, एकात कपड्यांचे चिमटे, दोनांत झाडं. त्यानं झाडं सोडून सगळे डबे रिकामे केले, कांदे पलंगावर ओतले आणि डबे उलटे करून मांडले.

"अहो, अहो, कांदे!" बायको कुजबुजत ओरडली.

"राहू दे गं कांद्यांना पलंगावर. त्यांनी तरी कधी बघायची गादी? हं, वाजव. आपण मशीन चालू करू. पण एकदम नाही. आधी हळू, कागद ताणला जाऊ दे. घाई केलीस तर तुटतो. मग एकेक दात चढवत वेग वाढवत न्यायचं."

थोरलीनं पहिला ठोका दिला आणि घाबरून दाराकडे पाहिलं.

"बघतेस काय? बाबा इथंच आहे!"

ठोके सुरू झाले. धाकटीला त्यानं दोन झाकणं दिली. बायकोच्या हाती कालथा दिला, तिनं आढेवेढे घेत एका डब्यावर टकटक केलं. आणि काय सांगावं, मशीन हुबेहूब चालू झालं! टक्, टक्, मग टकाटक, मग धडधड. खुर्चीत बसून तो ओरडून ओरडून सांगू लागला. शाईवाला कसा पळतो, एवढ्या आवाजात मशीनमन पाळीपाळीनं रद्दीच्या गठ्ठ्यावर कशी डुलकी काढतात, पहिला अंक हातात येतो तेव्हा कसा कोमट असतो. मुलींनी घर डोक्यावर घेतलं. थोरलीच्या कपाळावर घाम आला होता आणि ती काय सुरेख वाजवत होती! त्याचा ऊर भरून आला. त्यानं खुर्चीला डोकं टेकलं.

आणि तो झोपला. भर दुपारी, बसल्या जागी, तोंड उघडं टाकून.

बायकोच्या ते आधी लक्षात आलं. तिनं हात वर केला. क्षणात ठोके थांबले, झाकणं हवेतल्या हवेत राहिली.

तो खाडकन उभा राहिला. डोळे लाल, हात कुठलीतरी कळ शोधत पुढे आलेले.

"काय झालं? कागद तुटला का?"

थोरलीनं चमचे खाली ठेवले.

"मशीन का थांबलं?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि मग तो पुरता जागा झाला. त्यानं डब्यांकडे पाहिलं, मोजे घातलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"कागद तुटला की मशीन थांबतं," तो सावकाश म्हणाला. "आवाज गेला की आम्ही दचकून उठतो. सगळे. मशीनच्या धडधडीत गाढ झोपतो, आणि शांत झालं की..." त्यानं डोळे चोळले. "मला वाटायचं, उजेडामुळे."

"म्हणजे?" बायको म्हणाली. "म्हणजे दिवसा तुम्हाला झोप..."

"नव्हती येत. नीट अशी कधीच नाही."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही तिघी एवढ्या जपायचात. कसं बोलू?"

बायकोचा चेहरा लाल झाला. "पाहुण्यांना दारातून परत पाठवलंय मी! लोक शिष्ट म्हणाले मला. पोरी रडल्या तर उशीत तोंड दाबून रडल्या. मी साधं खोकायलाही गच्चीवर जायची हो! हसू आलं तर हात चावायची. हात!" तिनं खरोखरच हात पुढे केला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

त्यानं तो हात धरला. म्हणजे हसू कोमेजलं नव्हतं तर. ते त्याच्या झोपेसाठी दडपून ठेवलं होतं, आणि ती झोप तर आलीच नव्हती. इतकी वर्षं दोन्ही वाया.

धाकटी इतका वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं हातातली झाकणं खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "म्हणजे आपण सगळे उगाचच?"

बायकोनं तिच्याकडे पाहिलं. पलंगावरच्या कांद्यांकडे पाहिलं. हात सवयीनं तोंडाकडे निघाला, पण तो नवऱ्याच्या हातात होता. आणि ती हसली. पोटातून, खदखदून, भिंतींवर आपटत जाणारं, खाली रस्त्यापर्यंत पोचणारं हसू. पोरींनी आईचं हे हसू कधी ऐकलंच नव्हतं, त्या आ वासून बघत राहिल्या. तो मात्र लहान मुलासारखा टाळ्या पिटायचा बाकी राहिला.

खालच्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडले, "अहो, वर नवीन बिऱ्हाड आलंय का?"

"हो!" तो ओरडला. "आजच!"

पुढे एक दिवस छापखान्याचा फोन आला. संध्याकाळी तो डबा घेऊन निघाला, सकाळी परतला, अंघोळ करून आडवा झाला. आणि घर पूर्वीसारखं गप्प झालं. ठरवून नव्हे. अंगवळणीच पडलेलं ते.

उघड्या दारातून त्याला तिघी दिसत होत्या. बायको कुकरपाशी कालथा घेऊन उभी. धाकटीनं थोरलीसमोर तळवे एकमेकांवर घासले, मग मूठ हवेत गोल फिरवली: बाबा आलेत, मशीन चालू करायचं का? थोरलीनं आईकडे पाहिलं. आईनं दाराकडे पाहिलं. तिघींनाही अजून धीर होत नव्हता.

त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला आणि मूठ गोल फिरवली.

आधी कुकरची शिटी झाली, चांगली लांबलचक. मग शाईचे डबे. हळू, कागद न तुटू देता, एकेक दात चढवत. धाकटी काहीतरी बोलली, काय ते त्याला कळलं नाही, आणि त्या सगळ्याच्या वरून बायकोचं हसू आलं. आज ते शेवटपर्यंत ऐकायचं असं त्यानं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. त्यानं डोळे ताणून उघडे ठेवले, मांडीला चिमटा काढला. पण मशीननं वेग घेतला होता. हसू अर्ध्यावर आलं असतानाच त्याचा डोळा लागला.