शब्दावर चाललेलं इंजिन

इंजिन नीट चालायला लागलं की देवरावाच्या जिभेला हाड राहत नसे. एरवी भला माणूस. घराणं विणकरांचं, पण हा माग सोडून लेथ मशीनवर गेलेला. गांधीबागेतला कापडवाला ओमप्रकाश त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्या दोस्ताकडे वडिलांची जुनी अमेरिकन गाडी होती, सहा सिलेंडरची.

मग पेट्रोल कडाडलं. नागपुरात ज्याच्याकडे अशी गाडी, तो इंजिन उपटून डिझेलचं बसवायला लागला. देवरावाला ते बघवेना. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर ओमप्रकाशने बॉनेटवर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाला, "गाडी माझी, इंजिन तुझं. तुले विचारल्याशिवाय याचा नटबी हलणार नाही."

एवढ्या शब्दावर देवराव पाघळला. वर्षभर रविवार म्हणून पाहिला नाही. सिलेंडर बोर करून नवे पिस्टन टाकले, वाल्व घासले. मूळच्या इंजिनाला तेलाचा फिल्टरच नव्हता, तोही जोडला. मजुरीचं नाव नाही. त्याची बायको कौशल्या म्हणाली, "एवढे लाड तं लेकरायचेबी नाही केले तुमी."

नवे पिस्टन नव्या चपलेसारखे असतात, बसेपर्यंत दमानं घ्यावं लागतं. म्हणून देवराव रोज सकाळी गाडी कामठीपर्यंत रमतगमत नेऊन आणायचा. सायकलवाले पुढे निघून जायचे. पेट्रोल ओमप्रकाशचं. "हळू चालव गा," तो रोज बजावायचा, "घाई नको करू." कापड फाडणाऱ्या माणसाला इंजिनाची एवढी माया, या विचारानं देवरावाचा जीव सुपाएवढा व्हायचा.

एके दिवशी ओमप्रकाशने सोबत पाहुणा पाठवला. काटोलचे बाबनराव, संत्र्याचे बागवाले. पाहुण्याला फिरवून आण, एवढंच सांगितलेलं. झालं! देवरावाला कान मिळाले. कन्हान नदीजवळ त्याने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, आणि चालत्या इंजिनावर चार आण्याचं नाणं काठावर उभं केलं. नाणं पडेना.

"रॉकेलवर चालन का?" बाबनरावांनी विचारलं.

"पेट्रोलवर गरम करा, मंग रॉकेलवरबी चालन," देवराव फुशारकीने म्हणाला. "दहा वर्ष याले हात लावाचं काम नाही!"

बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. या शहाण्यानं बोलून बोलून स्वतःचं काळीज विकलं.

पुढच्याच पंधरवड्यात बाबनराव ट्रॅक्टर घेऊन देवरावाच्या दारात उभे राहिले. मागच्या ट्रॉलीत गवताच्या पेंढ्यांवर इंजिन. देवरावानं बसवलेला फिल्टर लांबूनच ओळखू येत होता.

"चला मिस्त्री," बाबनराव मोकळेपणानं म्हणाले. "विहिरीच्या पंपाले बसवून द्या. शेठ म्हणाले, इंजिनासोबत मिस्त्रीबी येते."

त्या भल्या माणसावर काय ओरडणार? "तुमी बसा," एवढंच देवराव म्हणाला. कौशल्येला चहा ठेवायला सांगून त्यानं सायकल काढली ती थेट गांधीबाग.

ओमप्रकाश गादीवर कापडाचा तागा उलगडत होता. देवरावाला पाहून जराही चपापला नाही. "ये, ये. गाडीत डिझेलचं इंजिन टाकून राहिलो. तुलेच बसवाचं आहे. काटोलचं कामबी तुलेच लावून देल्लं."

"ते हळू चालव, हळू चालव म्हणे, ते याच्यासाठी?"

"बाबनराव म्हणे, इंजिन बसलेलं पाहिजे. तुझ्यासारखं कोणं बसवलं असतं?"

देवरावाच्या अंगाची लाही लाही झाली. केसानं गळा कापावा आणि वर हाताची तारीफ करावी! डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. "मले विचारलं काहून नाही गा?"

ओमप्रकाश हसला. अगदी जुन्या दोस्तासारखा हसला आणि चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "तुले विचारलं असतं तं तू नाही म्हणला असता."

"म्हणलोच असतो," देवराव म्हणाला. "त्याच्याचसाठी तं विचारतेत दोस्ताले."

कप तसाच ठेवून तो पायऱ्या उतरला.