धर्मेंद्रचा फोन

रक्षाच्या संसारात सवत आली ती पुरुषाच्या रूपात, आणि तीही भंडाऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून.

तिचा नवरा कमलेश पवनीला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवायचा. नऊ वर्षं प्यायला. त्या नऊ वर्षांत रक्षाने त्याला नालीतून उचललं, त्याचे बरबटलेले कपडे धुतले, गिऱ्हाइकांना ‘तब्येत बरी नाही’ म्हणून सांगितलं. शेवटी भावाला बोलावून तिनेच त्याला जीपमध्ये बसवून केंद्रात नेलं. तीन महिन्यांनी तो परतला तेव्हा अंगावर मांस चढलं होतं, हात थरथरत नव्हते. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, रक्षाने नवरा परत आणला.

पण रोज संध्याकाळी तुमसरहून धर्मेंद्रचा फोन यायचा. हा धर्मेंद्र तिथल्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. दुखऱ्या कमरेसाठी गोळ्या घेता घेता त्यांच्याच नादी लागला होता. केंद्रात त्याचा पलंग कमलेशच्या शेजारी. फोन वाजला की कमलेश मागच्या वाडीत जाई आणि अर्धा अर्धा तास बोले. मधूनच हसे. घरात येऊन बायकोला मात्र एवढंच विचारे, “जेवण झालं का?”

रक्षाने धर्मेंद्रला एकदाच पाहिलं होतं, केंद्रात घरच्यांना बोलावलं होतं त्या दिवशी. तिथे जाताना तिला वाटलं होतं, आत सगळे गुंड-मवाली असतील. पाहते तर जिल्हा परिषदेचा एक गुरुजी, एसटीचा कंडक्टर, धानाचा व्यापारी, खोकल्याच्या औषधाची चटक लागलेली कॉलेजची दोन पोरं. बाकी बहुतेक कमलेशसारखेच, पस्तिशी-चाळिशीचे, लेकरंबाळं असलेले, दारूने आलेले. सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या बायका चांगल्या घरच्या होत्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मग कमलेश बोलायला उभा राहिला. म्हणाला, “माझा बाप दवाखान्यात माझं नाव घेत होता, तवा मी भट्टीवर पीत बसलो होतो. लोकायले सांगितलं, गाडी भेटली नाई.” रक्षा ऐकतच राहिली. सासऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. एका छताखाली राहून तिला हे ठाऊक नव्हतं, आणि शेजारी बसलेला धर्मेंद्र मान हलवत होता, जणू दहादा ऐकलंय.

निघताना तो हात जोडून जवळ आला. “वहिनी, तुमच्या हातच्या लाखोरीच्या दाळीच्या वड्यायचं लय ऐकलं. तो रातच्याला प्यायले निघू नये म्हनून तुमी खोलीची चाबी पदराले बांधून झोपत होत्या, तेही सांगितलं त्यानं.”

ती चाबीची गोष्ट रक्षाने माहेरीसुद्धा सांगितली नव्हती.

कमलेश घरी परतल्यावर काही दिवसांनी तिने त्याला विचारलंच. “त्यायले येवढं काय सांगत असता? मले नाई सांगता येत?”

“तुह्यासमोर मले लाज वाटते,” तो म्हणाला. “त्याच्यासमोर नाई वाटत. तोही माझ्यासारखाच पडला होता.”

“मंजे मी पडली नाई, हा माझा गुन्हा.”

संध्याकाळी फोन आला आणि तो वाडीत गेला.

दिवाळी होऊन धान कापणीला आला होता तेव्हाची गोष्ट. कमलेश दुकानातून येऊन मोरीत आंघोळीला बसला होता. फळीवर ठेवलेला फोन वाजला. रक्षाने उचलला.

“वहिनी, कमलेश आहे का? आज जीव थाऱ्यावर नाई माझा. जरा बोलायचं होतं.”

“नाई जी,” रक्षा म्हणाली. “बाहेर गेले. उशिरा येतीन.”

मोरीतून कमलेशच्या गाण्याचा आवाज येतच होता. मग “बरं,” एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. रक्षाने फोनमधून त्या कॉलची नोंद पुसून टाकली.

कमलेश वाट बघत राहिला. शेवटी त्याने स्वतः फोन लावला तर बंद. ताटावर बसला आणि अर्ध्यातून उठला. वसतिगृहात कोणी भेटायला न आलेल्या पोरासारखा तो वाडीत उभा होता, आणि खरं सांगायचं तर ते पाहून रक्षाला बरं वाटलं. भोग आता, असं तिच्या मनात आलं. माझ्यासाठी कधी असा उभा राहिला होता का?

दुसऱ्या दिवशी कमलेश दुकानात गेल्यावर दारात धर्मेंद्र उभा. डोळे तांबारलेले, चेहरा ओढलेला. याने गोळ्या घेतल्या, असंच रक्षाला वाटलं.

“काही घेतलं नाई, वहिनी,” तोच म्हणाला. “गोळ्या देनारा मानूस सारखा फोन करून ऱ्हायला होता. म्हनून फोन बंद करून मालकापाशी देऊन आलो. कमलेशच्या घरी जाऊन बसतो म्हटलं.”

तिने पाणी दिलं. भात आणि वरण वाढलं. तो हळूहळू जेवला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, “काल तो गानं म्हनत होता. पान्याचा आवाजही आला मले.”

रक्षाच्या हातातला पळा तसाच राहिला. “मग आले काहून माझ्या दारात?”

“जाऊ कुठं?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. रक्षा भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने कोणाजवळच काढलं नव्हतं. “लय दिवस असे गेले जी, का मी दारात उभी राहून म्हनत होती, हा मानूस आज वापस नाई आला त बरं होईन. मेला तरी चालन.”

धर्मेंद्रने मान हलवली. “माझी बायकोही म्हनत असन,” तो म्हणाला. “तिनं मले सांगितलं असतं त बरं झालं असतं. ती निघूनच गेली.”

रक्षाला रडू आलं नाही. उलट अंग हलकं झालं. कमलेश रोज वाडीत कशासाठी जातो ते तिला कळलं, आणि कळल्यावर पुन्हा हेवाच वाटला, की हे त्याला रोज मिळतं.

दुपारी कमलेश जेवायला आला. दोघांना बोलताना पाहून दारातच थबकला. धर्मेंद्रने फोनबद्दल चकार शब्द काढला नाही. तो संध्याकाळच्या एसटीने गेल्यावर रक्षानेच सांगितलं, “काल त्यायचा फोन आला होता. मी खोटं बोलली. तुमी आंघोळ करत होते.”

कमलेशचा चेहरा उतरला. “त्यानं घेतली असती त?”

“घेतली असती,” ती म्हणाली. “मले मालूम आहे. मले सहन नाई झालं.”

तो उठून वाडीत गेला. रक्षा भांडी घासत राहिली. बऱ्याच वेळाने तो परत आला, तिच्याजवळ उकिडवा बसला आणि जरा घुश्शातच म्हणाला, “आज दुपारी त्याले काय सांगत होती तू?”

इतक्या वर्षांत तिच्या मनात काय आहे हे त्याने विचारलं नव्हतं. रक्षाने हात धुतले. अर्धं त्याला सांगितलं. अर्धं, मरण्याबद्दलचं, तिने त्या दिवशी आपल्यापाशीच ठेवलं, आणि कमलेश ‘अजून काय सांगितलं’ म्हणून दोन-तीनदा विचारत राहिला.