दाराच्या उजव्या हाताला

मार्सुदीने दोरीचं दुसरं टोक खुंटीला बांधलं, एक डोळा मिटून दोरी सरळ आहे ना ते पाहिलं आणि फाटकाशी उभ्या असलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, इथे वाफा काढतोय. मिरची, हळद, गवती चहा. चालेल ना?"

"हो, चालेल की," तुकिनेम आजी म्हणाली. केळीच्या पानात बांधलेला टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा, पुडा तिने ओट्यावर ठेवला. "फक्त आज नको. आज पाहिंग. पाहिंगला पूर्वेकडे खणत नाहीत."

मार्सुदीने कुदळ भिंतीला टेकवली. याआधी तिने सांगितलं होतं की पहिल्यांदा परसाची बाजू साफ करा, तिथे साप आहेत. त्याने बाजू साफ केली, साप काही निघाला नाही. मग ती म्हणाली, माती दगड झालीय, चार दिवस पाणी मारा. त्याने पाणी मारलं. आता पाहिंग, पाच दिवसांच्या बाजारी आठवड्यातला एक दिवस. आणि दर वेळी आधी 'चालेल की' आणि हातात काहीतरी खायचं.

मार्सुदीची उभी हयात रेल्वेच्या फाटकावर गेली होती. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, रुळाच्या कडेला हातकंदील घेऊन उभं राहायचं, रस्ता मोकळा आहे हे सांगायला हिरवी काच गाडीकडे धरायची आणि शेवटचा डबा जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. राहायला रेल्वेची खोली. प्रत्येक खोलीपुढे त्याने काही ना काही लावलं, आणि फळ धरायच्या सुमाराला दरवेळी बदली झाली. केळ आपण लावायची आणि घड दुसऱ्याने उतरवायचा, असा सगळा संसार. म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, सुलास्त्रीने, कारांगदुवेत गावातलं हे जुनं शेतघर घेतलं. सागाचे खांब, उतरती कौलं, मागे धुरकटत बसलेला मेरापी ज्वालामुखीचा डोंगर, आणि घराभोवती गुडघाभर माजलेलं रान. या रानाची बाग त्याच्या डोक्यात कधीचीच तयार होती. परसात केळी, विहिरीकाठी सुवासिक पानांचं पंदान, कुंपणावर चवळी. आणि दाराच्या उजव्या हाताला, जिथे सकाळचं ऊन सगळ्यात आधी उतरतं, तिथे स्वयंपाकाचा वाफा. फोडणी करपायच्या आत सुलास्त्रीला मिरची तोडून आणता आली पाहिजे.

बाकी सगळं मार्गी लागलं होतं. अडलं होतं ते या एका वाफ्यापाशी.

तुकिनेम आजी या घरची एके काळची सून, हे त्यांना आल्याआल्याच कळलं होतं. नवरा वारल्यावर घर दिराच्या मुलांकडे गेलं, ती बोळापलीकडच्या बांबूच्या खोपट्यात राहायला गेली. मुलांनी घर विकलं तेव्हा तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला काही म्हटलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा, पार्जान, सुराबाया बंदरातून बोटीवर कामाला गेला होता. आधी पत्रं यायची. मग यायची थांबली, त्यालाही आता वर्षं झाली होती.

चहाच्या टपरीवर कार्यो नावाचा एक रिकामटेकडा रोज ठाण मांडून असायचा. मार्सुदीने आजीबद्दलचं गाऱ्हाणं सांगितलं तशी त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं.

"मार्सुदीभाऊ, फाटकं पाडून पाडून डोकं पण बंद पडलं का तुमचं? अहो, पुरलंय तिथे. सासूचे डागदागिने असणार. म्हातारी उगाच टेंपे खायला घालतेय होय तुम्हाला?"

टपरी हसली, मार्सुदीही हसला. पण घरी येताना त्याला हसू येईना. डागांचा त्याला लोभ नव्हता. आपल्याच अंगणात आपल्याला कुणीतरी खेळवतंय, हे मात्र त्याला डाचू लागलं. केळीच्या पानाच्या द्रोणांत वाढवलेली मिरचीची रोपं लांबोडी होऊन पिवळी पडायला लागली होती. खालून मुळं बाहेर डोकावत होती.

"सरळ विचारा ना तिला," सुलास्त्री म्हणाली.

"विचारलं की. दर वेळी हो म्हणते."

"हो कोण म्हणत नाही आपल्यात? घर जळत असलं तरी ही म्हातारी हो म्हणेल, वर पाहुण्याला बसायला चटई देईल. तिच्या तोंडाकडे बघितलंत का हो म्हणताना?"

मार्सुदीने बघितलं नव्हतं. फाटकावरच्या फोनवर स्टेशनातून 'तयार का' असं विचारायचे, तो 'हो' म्हणायचा आणि त्या एका शब्दावर आख्खी गाडी सुटायची. तिथे कुणी कुणाचं तोंड पाहत नसे.

त्याच पाच दिवसांतल्या लेगीच्या दिवशी बाजार भरायचा. त्या सकाळी तुकिनेम आजी पाठीला टोपली बांधून वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तशी मार्सुदीने कुदळ उचलली. सुलास्त्री दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

तो भराभर खणत गेला. माती पाणी पिऊन मऊ झाली होती. वाफा अर्धाअधिक उकरून झाला आणि कुदळ कशावर तरी बसली. खट्ट झालं, मग काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज. एक क्षण कार्योचे डाग त्याच्याही डोळ्यांपुढे चमकून गेले. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती बाजूला करू लागला.

मातीचं लहानसं गाडगं होतं. वरचं झाकण मधोमध फुटलं होतं. आत नुसती काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात बोटभर लांबीची एक तांबूस रेघ.

दाराचा उजवा हात. मार्सुदीने हात एकदम मागे घेतला.

सुलास्त्री जवळ येऊन उभी राहिली होती. दोघांनाही कुणी सांगायला नको होतं. मूल जन्मलं की बाप त्याची वार धुऊन गाडग्यात घालतो आणि दारापाशी पुरतो, मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे, वर महिनाभर दिवा. वार म्हणजे मुलाचं पाठचं भावंड. मूल जगात कुठेही गेलं तरी हे भावंड दाराशी बसून त्याची राखण करतं.

"पार्जानची," सुलास्त्री म्हणाली.

मार्सुदीने बाजूची माती पुन्हा ओढायला घेतली. "बुजवून टाकतो. वरून पाला घालतो. आपण काही खणलंच नाही."

सुलास्त्रीची नजर गाडग्यावर होती. "आपल्या रातिहची वार कुठे आहे हो?"

रातिह त्यांची मुलगी, सेमारांगला कापडाच्या कारखान्यात होती. तिची वार ज्या खोलीच्या दारात पुरली होती ती खोली दुसरा रूळ टाकताना पाडली गेली होती.

"वरून गाड्या जातात," सुलास्त्री म्हणाली. "पोरीचा महिनाभर फोन आला नाही की मला दुसरं काही सुचत नाही. तुम्हाला कधी सांगितलं नाही, एवढंच."

ती आत गेली, आपल्या भाताच्या मडक्यावरचं झाकण घेऊन आली आणि त्याच्या हातात देऊन पुन्हा तांदळापाशी जाऊन बसली.

ते झाकण गाडग्यावर नीट बसवेपर्यंत ऊन वर आलं. मार्सुदीने मान उचलली तेव्हा तुकिनेम आजी फाटकाशी उभी होती. टोपली पाठीवरच होती. ती उकरलेल्या मातीकडे पाहत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'चालेल की' आलं नाही.

मार्सुदी उठला. हात मातीने भरलेले, ते कुठे ठेवावेत त्याला कळेना. बोलायचं काय, हे त्याने मनात जुळवलं होतं, त्यातला एकही शब्द आठवेना.

"आजी, झाकण जुनं होतं," तो म्हणाला.

"फुटलं?"

"माझ्या हातून फुटलं. आतलं काही हलवलं नाही मी."

आजीने फाटकाची दांडी धरली. आता ती रडेल किंवा शाप देईल असं त्याला वाटलं. त्यातलं काहीही झालं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ती इतक्या हळू बोलली की त्याला जवळ जावं लागलं.

"सुई होती का आत?"

"सुई?"

"मी तापात पडले होते. आमच्या माणसाला सांगितलं, सुई घाला, म्हणजे पोराला चांगलं कळेल, वाट सापडेल. त्यांचं लक्ष कधी ठिकाणावर नसायचं. घातली की नाही, मी कधी विचारलं नाही. आणि पार्जान बोटीवर गेला, मग विचारायला तेही राहिले नाहीत." तिने पदराने ओठ पुसले. "कुणी खणू नये असं वाटायचं. आणि खणलं तर निदान बघावं, असंही वाटायचं."

मार्सुदीला काळ्या मातीतली ती तांबूस रेघ आठवली. तेव्हा ती काय आहे हे त्याला उमगलं नव्हतं.

"होती," तो म्हणाला. "गंजून माती झालीय, पण होती. एवढी." त्याने बोट धरून दाखवलं.

आजी त्या बोटाकडे पाहत राहिली. "एवढी," ती म्हणाली. मग टोपली सावरून ती बोळ ओलांडून गेली.

दुपारी मार्सुदीने खुंट्या उपटल्या आणि विहिरीच्या बाजूला पुन्हा ठोकल्या. तिथे ऊन उशिरा यायचं. मिरची थोडी कमी लागली असती. सुलास्त्री रोपांचे द्रोण एकेक करून त्याच्या हातात देत होती. दाराजवळची माती त्याने हाताने सारखी करून दाबली होती.

दिवेलागणीला त्याने खाटेखालून आपला हातकंदील काढला. तो हलवून पाहिला. तळाशी तेल नव्हतं.

फाटक करकरलं. तुकिनेम आजी आत आली. आज तिच्या हातात पानाचा पुडा नव्हता, घासलेटची बाटली होती, तोंडाला बोळा लावलेली. तिने ती ओट्यावर ठेवली आणि उंबऱ्याच्या कडेला, सून असताना बसत असेल तिथे, बसली.

मार्सुदीने कंदील भरला, वात पेटवली आणि तो दाबलेल्या मातीवर ठेवला. जुन्या सवयीने त्याचा हात काचेच्या कडीकडे गेला. त्याने हिरवी काच फिरवून रस्त्याकडे केली. मग तो कंदिलाच्या बाजूला, हात खाली सोडून, ताठ उभा राहिला, आणि बराच वेळ हलला नाही.