बोंगसुन आजींचा गुडघा

त्या दिवशी चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला मी शेवटच्या बाकावर बसले, दाराजवळ. प्रार्थना संपली की बस धरून देगू शहरात बहिणीकडे जायचं होतं, आणि परत यायचं नव्हतं. बॅग बाकाखाली सरकवली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दगडाला काय सांगायचं?

दगड म्हणजे माझा नवरा, आमचे पाळकसाहेब, सोक तेइक. गेल्या वर्षी आमचा लेक उजिन बंदराच्या धक्क्यावरून घसरून समुद्रात गेला, तेव्हा या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढला नाही. पुढच्याच रविवारी उपदेश द्यायला उभा राहिला. घरात मी उजिनचं नाव काढलं की ताटावरून उठून बाहेर जायचा. मंडळी म्हणायची, "केवढा विश्वास!" माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

आमच्याकडे प्रार्थना मुकाट्याने होत नाही. पाळकांनी हात वर केले की सगळे तीनदा "हे प्रभू!" असे ओरडतात आणि मग जो तो आपलं गाऱ्हाणं एकाच वेळी मोठ्याने मांडतो. त्या गदारोळात कुणाचं काय चाललंय ते शेजारच्यालाही कळत नाही, म्हणूनच माणसं मोकळी होतात. शेवटी पाळक घंटी वाजवतात आणि सगळे एकदम गप्प.

बोंगसुन आजी सोडून. शिंपल्यांसाठी जन्मभर समुद्रात बुड्या मारून त्यांचे कान गेलेत. ओठ बघून त्या बोलणं ओळखतात, आणि प्रार्थनेतही डोळे मिटत नाहीत. "डोळे मिटले तर माझ्याकडे उरलं काय?" म्हणतात. पहिल्या बाकावर, पाळकांच्या अगदी समोर, आम्ही दोघी रोज बसायचो. मागण्याच्या भरात त्यांचं घंटीकडे लक्ष नसतं, म्हणून ती वाजली की त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची, हे काम माझं.

त्या दिवशी घंटी वाजली. सगळे थांबले. आजींचा आवाज तेवढा चालूच राहिला.

"...आणि प्रभू, आमच्या पाळकावर रागावू नकोस हां. वर्ष झालं, बिचारा रोज उभा राहतो, पण मंडळीसाठी एक अक्षर मागत नाही. समोरच असतो ना, दिसतं मला. नुसतं 'उजिना, उजिना' करतो. लेकराला हाका मारतो रे! मारू दे. त्याच्या वाटचं मंडळीचं मागणं मी मागते. आता कू पंचाच्या बोटीचं इंजिन बघ जरा..."

रोज? मी दोन हातांच्या अंतरावर बसून, डोळे घट्ट मिटून, याच माणसाच्या कागाळ्या देवाकडे करत होते, आणि तो रोज हाका मारत होता?

त्याचा हात घंटीवर तसाच होता. चेहरा पांढराफटक.

आजींनी इकडेतिकडे पाहिलं. "अगं बाई, थांबले होय सगळे? पाळकीणबाई कुठाय? आज थाप नाही मारली तिनं!"

सगळी मंडळी मागे वळली. त्यांना मी दिसले, बॅग दिसली. त्यालाही दिसली.

कू पंच उठले. मंडळीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. प्रार्थना न करणारा पाळक कोण ठेवून घेईल? संपलं सगळं, मला वाटलं.

पंचांनी दोन्ही हात वर केले आणि चिरक्या आवाजात ओरडले, "हे प्रभू!"

दुसऱ्यांदा सगळी मंडळी ओरडली. तिसऱ्यांदा खिडकीच्या काचा थरथरल्या. मग असा कल्लोळ उठला की तसा मी कधी ऐकला नव्हता. कोणी स्वतःचं काही मागत असेल असं वाटत नाही. माझ्या नवऱ्याला रडता यावं म्हणून ती माणसं घसा फोडत होती.

मी पुढे गेले. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "उजिना! उजिना!" गुरासारखा हंबरत होता. मी त्याची बाही धरली आणि मीही हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदाच आम्ही दोघांनी मिळून ते नाव घेतलं. किती वेळ, कोण जाणे. मग मी पहिल्या बाकावर टेकले, तोही शेजारी बसला, आणि तरी आम्ही हाका मारतच राहिलो.

घंटी कोणी वाजवलीच नाही. बाहेर उजाडलं होतं. बस केव्हाच गेली होती. माझ्या गुडघ्यावर एक थाप पडली.

"पुरे आता," बोंगसुन आजी म्हणाल्या. "दोघं घरी जा. पोरांनो, सूप पिऊन घ्या जरा."