सागराचा दाब उतरला

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बोटी काठाला बांधलेल्या, इंजिनं नुसती घुरघुरत ठेवलेली, आणि खलाशी, जाळी विणणाऱ्या बायका, बर्फवाले, झाडून सगळे माना उंचावून एका उलट्या पिंपाकडे बघत होते. पिंपावर शंखबाबा उभे होते. उजव्या कानाला भला मोठा शंख, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर पोट बिघडलेल्या माणसाचं गांभीर्य.

"सागर बोलतोय," बाबा म्हणाले.

बायकांनी हात जोडले. कोणीतरी खोकलं, तर शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

बाबांच्या तोंडासमोर माईक धरून उभी होती भोंगाताई. बंदराच्या भोंग्यावरून रोज हवामानाचा अंदाज वाचायचा हे तिचं काम, म्हणून हे नाव. पण गेल्या मोसमात हवामान कचेरीने वादळाचा इशारा दिला, तिने तो घसा फोडून वाचला, बोटी दोन दिवस बांधून राहिल्या, आणि वादळ भलतीकडेच वळलं. लखलखीत ऊन पडलं. तेव्हापासून ती दिसली की पोरं विचारायची, "ताई, छत्री आणू का?" तेवढ्यात हे बाबा उगवले. त्यांचा शंख कधी चुकेना. मग मच्छीमार मंडळाने फर्मान काढलं, आधी बाबा बोलतील, वेळ उरला तर ताई.

तिला रागाने रात्रभर झोप यायची नाही. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, पण रोज खरं बोलणाऱ्या लबाडाला पकडायचं कसं? बाबांचं भाकीत आणि कचेरीचा अंदाज अगदी एकसारखे असतात, हे तिने सख्ख्या भावाला सांगून पाहिलं होतं. दादा कौतुकाने म्हणाला होता, "बघ! बाबा आल्यापासून तुझी कचेरीसुद्धा सुधारली!"

ताईने कपाळावर हात मारला.

आज तर दादाची बोट सगळ्यात पुढे होती. चार माणसं, डिझेल, बर्फ, सगळं भरून तयार. बाबांचा शब्द पडायचा अवकाश, की दोर सुटणार. आणि ताईच्या मुठीत कचेरीकडून आत्ताच आलेला कागद होता. मंडळाच्या अध्यक्षांना तिने तो दाखवला होता. ते म्हणाले, "बाबांच्या आधी? शोभतं का ते?"

"ऐका!" बाबांनी डोळे उघडले. "समुद्राचं पाणी तापलं होतं. सागराच्या छातीवर दाब होता. तो दाब... तो दाब झपाट्याने उतरत आहे!"

एकच गलका झाला. दाब उतरला! घरोघरी कोणी ना कोणी रक्तदाबाच्या गोळ्या खात होतं, त्यामुळे दाब उतरणं ही आनंदाची बातमी असते हे कोणाला समजावून सांगायला नको होतं.

"सागराचा राग गेला!" बाबा गलक्यावर ओरडले. "खुशाल जा! आणि पहिल्या जाळ्यातला मोठा मासा सागराच्या नावाने माझ्याकडे आणून द्या!"

ताईने मुठीतला कागद पुन्हा उघडला. 'दाब झपाट्याने उतरत आहे.' हेच वाक्य, याच शब्दांत, तिच्या मुठीतल्या कागदावर होतं. त्याच्या पुढची वाक्यंही होती, पण ती बाबांनी घेतली नव्हती. का? तर लोकांच्या आरोळ्यांत त्यांना ती ऐकूच आली नसावीत. म्हणजे कोणीतरी त्यांना हे वाचून दाखवत होतं. शंखात.

दादाने पहिला दोर सोडला.

"दादा, थांब!" ती ओरडली. भोंग्यातून आवाज अख्ख्या बंदरभर घुमला.

"आता काय? पुन्हा छत्री?" दादाने विचारलं. लोक फिदीफिदी हसले.

'बाबा, खाली उतरा' असं म्हटलं असतं, तर लोकांनी तिलाच पाण्यात ढकललं असतं. तिने चेहरा होता होईल तेवढा भाविक केला.

"छत्री नाही रे. मला वाटतं, सागराचा आवाज बाबांनी एकट्यानेच का ऐकावा? माईक इथे आहेच. शंखाला लावला, तर आपलेही कान पवित्र होतील."

"हो, हो! ऐकवा!" बायका म्हणाल्या.

"सागर फक्त माझ्याशी बोलतो," बाबा घाईने म्हणाले.

"बोलू दे की तुमच्याशीच! आम्ही नुसतं ऐकतो," दादा म्हणाला, आणि दोर टाकून धावत आला. त्याच्याइतका भक्त अख्ख्या धक्क्यावर नव्हता. बाबांनी शंख छातीशी धरला, पण दादाने तो लहान बाळाला घ्यावं तसा अलगद, आणि खलाशाच्या ताकदीने, काढून घेतला. ताईने माईक शंखाच्या तोंडाशी नेला.

भोंगा खरखरला. मग सागर बोलला. त्याला सर्दी झाली होती.

"बाबा, ऐकताय ना? पुढं लिहिलंय, उद्या पहाटेपासून वादळी वारे, खोल समुद्रात कोणीही जाऊ नये. मला काय कळेना बाबा. दाब उतरला तर वारं कसं काय येईल? आमच्या आजोबांचा दाब उतरला की ते गप झोपून राहतात. बाबा? फोनची बॅटरी पण चार टक्के राहिलीय."

सगळ्या माना पुन्हा पिंपाकडे वळल्या.

"सागराने... सागराने माझ्या शिष्याचा आवाज धारण केला आहे!" बाबा म्हणाले.

"आणि बॅटरी कोणाची धारण केली?" जाळी विणणारी म्हातारी म्हणाली.

दादाने शंख उलटा करून तळहातावर आपटला. आतून मेणाचा गोळा पडला आणि त्यात रुतवलेलं, शर्टाच्या गुंडीएवढं, बिनतारी इअरफोन. बाबांच्या झग्यात फोन सापडला. बर्फखान्यामागच्या गाडीत शिष्य सापडला, कचेरीचं संकेतस्थळ उघडून बसलेला. जो अंदाज ताई फुकट वाचत होती, तोच बाबा शंखातून घेऊन माशाच्या भावाने विकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

बाबांची गठडी वळायला बरेच हात पुढे झाले. दादा मात्र हातातल्या गुंडीकडे बघत राहिला होता.

"म्हणजे मी निघालो असतो," तो म्हणाला. "चार जणांना घेऊन. ताई, दाब कमी म्हणजे नेमकं काय गं?"

बाबा आल्यापासूनच्या दोन महिन्यांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिनेही कधी आपणहून समजावलं नव्हतं, कागद वाचून मोकळी व्हायची. तिने माईक तोंडाशी धरला.

"समुद्र तापला की वरची हवा तापते, हलकी होऊन वर जाते. खाली हवेचा भार कमी होतो. हाच कमी दाब. मग चहूकडची हवा तिथे धाव घेते, बसमध्ये एक सीट रिकामी झाली की सगळे धावतात तशी. तीच समुद्राची वाफ शोषत, गरगरत राहिली की वादळ. हा आजोबांचा दाब नाही. हा उतरला की आपण झोपायचं नाही, बोटी बांधायच्या."

बोटी बांधल्या गेल्या. पहाटे वारा आला, तो बर्फखान्याचे पत्रे घेऊनच गेला. दादाची बोट काठावर आपटून कडेला चेपली. दादा मात्र घरात होता, खिडकी धरून उभा, आणि वहिनी दर दहा मिनिटांनी त्याला हात लावून बघत होती.

वारा पडल्यावर धक्क्यावर पुन्हा गर्दी जमली, या वेळी भोंग्याच्या खोलीसमोर. ताईने अंदाज वाचला, समजावला. मागून एकाने विचारलं, "आणि तुझंही चुकलं तर?"

"चुकेल की," ताई म्हणाली. "हा अंदाज आहे, आकाशवाणी नव्हे. मागे चुकला, पुढेही कधी चुकेल. चुकला तर याच भोंग्यावरून सांगेन की चुकला, आणि का चुकला ते कचेरीला विचारून तेही सांगेन. जो कधी चुकत नाही आणि कसं कळलं ते सांगत नाही, त्याच्या नादाने दोर सोडू नका. मलाही प्रश्न विचारा. कान उघडे ठेवा, आणि कानाला कोण लागलंय तेही तपासत जा."

सगळ्यात पुढे दादा उभा होता. त्याने हात वर केला.

"मग पहिला प्रश्न माझा," तो म्हणाला. "दाब चढला का?"