शून्यांची रांग

मित्रांनो, मी मानसोपचाराच्या दवाखान्यातली एक जुनी प्रश्नावली आहे, प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेली. नैराश्य किती खोल गेलंय हे मोजणं माझं काम. झोप, भूक, उत्साह, जगण्याची इच्छा असे माझे प्रश्न. त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन. बेरीज केली की आजाराचा अंदाज येतो. नवी होते तेव्हा मला वाटायचं, आपली बेरीज काही चुकत नाही.

मग एका दुपारी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आला. मोठ्या बहिणीने त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं. त्याने पेन घेतलं आणि भराभर शून्यांवर खुणा केल्या. बेरीज जेमतेम दोन.

"बघ ताई, मी ठणठणीत आहे. उगाच डोक्याला ताप."

पण बोलताना तो माझी कड सारखी दुमडत होता. पाय एकसारखा हलत होता. हे टिपायला माझ्याकडे रकानाच नव्हता. आता हा उठून जाणार, या विचाराने मला चैन पडेना.

डॉक्टरबाई बहिणीला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दार लागलं. बाईंनी मला बाजूला ठेवलं आणि शेवटचा प्रश्न स्वतःच विचारला, "जगणं नकोसं वाटतं का कधी?" मग उत्तराची वाट पाहत त्या तिथेच बसून राहिल्या.

त्याचा हलणारा पाय थांबला. शेवटी म्हणाला, "वर काम करताना वाटतं, आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे. ताईला सांगू नका. ती हाय खाईल."

"सांगायला हवं. पण तुमच्यासमोर सांगू. आणि काही दिवस तुम्ही एकटं राहायचं नाही."

जुन्या खुणा पुसून दोघांनी मला पुन्हा भरलं. बेरीज एकोणीस झाली. मग बाईंनी बहिणीला आत बोलावून त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. आकडा पाहून ती चरकली. "अहो, इतक्यात हा एवढा बिघडला?"

"बिघडला नाही," बाई म्हणाल्या. "बोलला."

उपचार सुरू झाले, उंचावरचं काम थांबलं. दर खेपेला मी धास्तावलेली असायची. आकडा उतरायचा, मध्येच चढायचा. एकदा भुकेच्या प्रश्नावर तो वैतागला, "लवकर आटपा हो, ताई जेवायला थांबलीय." बाई हसल्या. मलाही जरा हायसं वाटलं.

आता माझे कोपरे फाटलेत. लोक मला दाराबाहेर उभ्याउभ्याच भरतात. शून्यांची रांग दिसली की अजूनही माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, घरात कुणी "काही नाही, ठीक आहे" म्हणालं तर लगेच उठू नका. पुन्हा विचारा, उत्तर येईपर्यंत तिथेच बसा. ऐकलेलं जड वाटलं, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.